माझं उजवं दार

मित्रांनो, अमेरिकेत जन्म घेऊन धानोऱ्याच्या जंगलात हाडं खिळखिळी झालेली मी एक मोटार आहे. माझा टप उघडायचा. बटण दाबलं की तो घुरघुरत उठायचा आणि घडी होऊन मागच्या सीटमागे जाऊन बसायचा. पहिल्यांदा पाहणारी पोरं किंचाळत पळायची. मोठी माणसंही दोन पावलं मागे सरायची, पण नंतर हसून दाखवायची.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे गिऱ्हाईक मागेल तो साज गाडीवर चढवत. माझ्या वाट्याला बराच साज आला. लाल कातड्याच्या सीटा, रेडिओ, डाव्या खांबावर आतून फिरवायचा सर्चलाइट, आणि बटणावर वर-खाली होणाऱ्या चारही काचा. शिवाय हीटर! चांद्याच्या उन्हाळ्यात हीटरचं काय करायचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही. या साजाला आपल्याकडे 'कंपनी फिटिंग' म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे एका माणसाचा जीव त्यांच्यावरच टांगला गेला.

मला विकत घेतलं घनश्यामबाबू नावाच्या ठेकेदाराने. सागवान आणि बांबूचा त्याचा मोठा डेपो धानोऱ्याजवळ होता. मला तो रोज मऊ फडक्याने पुसायचा आणि ज्या हाताने पुसायचा त्याच हाताने मजुरांच्या थोबाडीत मारायचा. एकदा एका लाकूडतोड्याच्या बांबूची मोळी मला घासली. माझ्या रंगावर केसाएवढा ओरखडा उठला असेल. घनश्यामबाबूने त्या माणसाची बोटं दाराच्या फटीत धरली आणि माझंच उजवं दार त्यांच्यावर आपटलं. हाडं मोडल्याचा आवाज माझ्या पत्र्यातून गेला. त्या दिवसापासून मला माझ्या देखणेपणाची शरम वाटू लागली.

मग तो हाका आला. हाका म्हणजे ढोल बडवत, ओरडत वाघाला रानातून शिकाऱ्यापुढे हुसकणं. आमच्या भागात हाक्याला पक्के नियम होते. शिकारी मचाणावर बसणार. ढोल दिसला की बंदुकीची नळी आभाळाकडे जाणार, कारण ढोलामागे माणूस असतो. आणि हाक्यातला एक जण भरमार बंदूक घेऊन चालणार, पण तिच्यात छर्रा घालायचा नाही. नुसती दारू ठासून बार काढायचा, आवाजापुरता.

त्या दिवशी भरमार लालसूकडे होती. त्याच्या शेजारी ढोल घेऊन त्याचा जावई, म्हणजे बहिणीचा नवरा, सुकलू चालत होता. सुकलू मोठा गमत्या माणूस. निघताना त्याने माझ्या बॉनेटवर दोन बोटांनी ताल धरला आणि म्हणाला, "हिचा ढोल आपल्यापेक्षा बरा वाजते, लालसू!" माझ्या अंगावर कुणी वाजवलेला तो एकच ताल.

घनश्यामबाबू मचाणावर चढलाच नाही. टप उघडून, मला झाडीच्या तोंडाशी उभी करून, तो एकटाच स्टिअरिंगमागे रायफल घेऊन बसला; अमेरिकेची म्हणून माझं स्टिअरिंग डावीकडे. मोटारीतून वाघ मारला असं त्याला नागपुरात सांगायचं होतं.

वाघ निघाला तो भर सकाळच्या उन्हात. पहिली गोळी त्याच्या पोटाला लागली. अर्धमेला वाघ पळत नाही, अंगावर येतो. तो थेट माझ्या बॉनेटवर चढला. नख्यांनी पत्रा फाटला, त्याचं गरम रक्त काचेवरून ओघळलं. घनश्यामबाबू किंचाळत उजव्या सीटवर आडवा पडला आणि पडता पडता त्याच्या रायफलीचा दुसरा बार सुटला. ती गोळी माझ्या उजव्या दारातून गेली. आत खाली उतरवलेली काच होती, तिचा चुरा झाला. बाहेर झाडीतून ढोल घेऊन सुकलू नुकताच पुढे आला होता. त्याची छाती फुटली. ढोल गडगडत येऊन माझ्या चाकाला लागला. वाघ बॉनेटवरून घसरून डावीकडे, माणूस उजवीकडे, दोघंही तडफडून मेले. बाकीचे हाकेवाले झाडांवर चढले होते. सुकलूचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला लालसू तेवढा तिथे होता.

ठाणेदार यायला दोन दिवस लागले. तेवढ्या वेळात घनश्यामबाबूने दाराच्या आतल्या भोकावर जुन्या जीपचा ॲशट्रे ठोकला आणि बाहेरच्या भोकावर तिचाच चकचकीत आरसा बसवला.

"मी एकच गोळी झाडली, ती वाघाले," तो ठाणेदाराला म्हणाला. "या दोघायचं मोहाच्या झाडावरून भांडण होतं. लालसूनंच मारलं त्याले."

लालसूच्या भरमारीला ताज्या दारूचा वास येत होताच. लालसू ओरडून सांगत होता, "साहेब, माह्या बंदुकीत छर्रा नोता! गोळी मोटारीच्या दारातून आली!"

ठाणेदाराने मला चारी बाजूंनी पाहिलं. "दारातून आली तं दाराले भोक कुठी हाय?"

आरसा त्याच्या नाकासमोर होता. पण मोटारीवर आरसा असायचाच, त्याने दाराकडे पाठ फिरवली. बोटं मोडलेल्या लाकूडतोड्याने तो आरसा बसवताना पाहिलं होतं; गर्दीत उभा असून तोही गप्प राहिला. लालसूच्या हातात बेड्या पडल्या आणि त्याला चांद्याच्या तुरुंगात नेलं. गुन्हा शाबीत झाला तर फाशीच होती. मित्रांनो, खरं ठाऊक असून तोंड नसणं यासारखं दुसरं दुःख नाही.

सुकलूची बायको कमळा डेपोतच लाकडांची सालं सोलायला यायची. नवरा जमिनीत गेला होता, भाऊ फासाच्या वाटेवर होता. दुपारच्या सुट्टीत ती माझ्यापुढे येऊन बसायची आणि मला विचारायची, "तू तं पायलं ना वं? मंग सांगत काऊन नाईस?" लोक तिला येडी म्हणू लागले.

घनश्यामबाबूला आता मी डोळ्यांपुढे नको होते. खटला उभा राहायच्या आत मला विकून टाकायचं त्याने ठरवलं. गिऱ्हाईक आलं आरमोरीहून. गुणवंतराव, पूर्वीचे मालगुजार, म्हणजे गावांचे जमीनदार. मालगुजारी गेली होती, पण मिशी आणि मोटारींचं वेड शाबूत होतं. त्यांना मोटार हवी ती जशी कारखान्यातून निघाली तशी, एक खिळासुद्धा परका नको. खिशात त्यांचा स्वतःचा पेचकस असे. त्यांनी माझा रेडिओ ऐकला, सर्चलाइट फिरवला, हीटरला हात लावून समाधानाने मान हलवली. बॉनेटवरच्या नख्यांच्या खुणा पाहून नाक मुरडलं. "हे काई कंपनीचं नाई."

मग ते उजवीकडे आले.

"हा आरसा?"

"कंपनी फिटिंग," घनश्यामबाबू म्हणाला.

"काऊन थट्टा करता? कंपनी आरसा ड्रायव्हरच्या बाजूले देते, हा पाहा डावीकडे. हा जीपचा हाय. आन् दारावर ॲशट्रे? ह्या गाडीत तो समोर असते!"

त्यांनी काचांची बटणं दाबली. तीन काचा सुळसुळत वर आल्या. उजव्या दारात नुसता खळखळाट झाला. घनश्यामबाबू "राहू द्या, राहू द्या" म्हणत असतानाच गुणवंतरावांचा पेचकस फिरला. ॲशट्रे निघाला, आरसा निघाला. दारातून ऊन आरपार आलं.

कमळा सालं टाकून धावत आली. तिने बाहेरच्या भोकावर बोट ठेवलं. पत्र्याच्या कडा बाहेर वळलेल्या होत्या, म्हणजे गोळी आतून गेली होती. "हे हाय भोक! ठाणेदार इचारत होता ना, कुठी हाय? माहा भाऊ खरं बोलून राह्यला होता! मालक, तुमी पायलं, आता तुमी सांगा!"

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. "बाई, मी मोटार पाहाले आलो. मले खुनाच्या भानगडीत पाडू नोको." आणि त्यांनी खाली पडलेला स्क्रू उचलला. तो ते परत लावणार होते. मला त्या माणसाची किळस आली.

कमळाने माझं दार दोन्ही हातांनी कवटाळलं.

घनश्यामबाबूने लाकडाच्या ढिगावरची कुऱ्हाड घेतली. त्याला आता दारच तोडायचं होतं. पहिला घाव चुकून माझ्या समोरच्या काचेवर बसला. "अबे, कंपनीची काच फोडली!" गुणवंतराव ओरडले. दुसरा घाव कमळाच्या डाव्या खांद्यात रुतला. तिचं रक्त माझ्या लाल कातड्यावर सांडलं, तरी हात सुटले नाहीत. गुणवंतराव काच विसरले. त्यांनी माझ्या डिकीतला जॅकचा लोखंडी दांडा ओढून काढला. घनश्यामबाबूने तिसऱ्यांदा कुऱ्हाड उगारली, तसा तो दांडा त्याच्या मनगटावर बसला. मनगट मोडलं. मी आधी ऐकलेलाच तो आवाज होता, पण या वेळी मला वाईट वाटलं नाही.

गुणवंतरावांनी धोतराचा सोगा फाडून कमळाचा खांदा बांधला, तिला माझ्यात निजवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला पोचवून आम्ही तसेच साक्ष द्यायला चांद्याला गेलो. फुटलेल्या काचेतून वारा त्यांच्या डोळ्यांत जात होता. सगळ्या वाटेत ते मिशीत एकच वाक्य पुटपुटत होते, "मी स्क्रू उचलला होता गा. मी उचलला होता."

कोर्टात माझं उजवं दार साक्षीला गेलं. दोन शिपायांनी ते बिजागऱ्यांतून काढलं आणि खांद्यावरून आत नेलं. मी बाहेर पिंपळाखाली दारावाचून उभी होते. बोटं मोडलेला माणूसही त्या दिवशी आला आणि बोलला. लालसू सुटला. घनश्यामबाबू तुरुंगात गेला. कमळाचा डावा हात मात्र खांद्याच्या वर पुन्हा कधी उठला नाही.

आता मी आरमोरीला गुणवंतरावांच्या गोठ्याशेजारी असते. त्यांनी समोरची काच बदलली, बॉनेटवरच्या नख्यांच्या खुणा बुजवल्या, सीटा नव्याने शिवल्या. दार परत आलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मालक, भोक भरून रंग मारतो. कंपनीचंच वाटंन, कोणाले कळनार बी नाई."

"तेच तं नोको," गुणवंतराव म्हणाले. "कळलं पाह्यजे."

बाजाराच्या दिवशी लालसू आणि कमळा येतात. लालसू माझ्याकडे पाहत नाही, बैलांकडे पाहत उभा राहतो. कमळा उजव्या हाताचं बोट त्या भोकावर ठेवते. मग जाते.

मित्रांनो, उद्या मी तुमच्या हाती आले तर मला तेल घाला, पुसा, टप उघडून पोरांना फिरवा. पारखी माणसं येतील, कारखान्याने काय दिलं आणि नंतर काय लागलं ते शोधतील. त्यांना खुशाल शोधू द्या. पण उजव्या दाराला पत्रा लावू नका. बॉनेटवर ताल धरणारा सुकलू नावाचा एक माणूस होता, आणि त्याची माझ्यापाशी तेवढीच खूण उरली आहे.