डाव्या हाताचं लग्न

ओटिलीशी डाव्या हातानं लग्न लावण्यात ड्यूक लुडॉल्फचा फायदाच फायदा होता. विधुराच्या घरात बाई येणार होती, त्याच्या पोरक्या मुलाला, काझिमिरला, आई मिळणार होती, आणि हाल्डेनबेर्गच्या जमिनीतलं एक ढेकूळही जागचं हलणार नव्हतं. बायको बरोबरीच्या घराण्यातली नसली, तर उपाध्यायापुढे नवऱ्यानं डावा हात पुढे करायचा. मग बायको लग्नाची, मुलं औरस, पण गादी, किताब आणि घराण्याच्या तळघरातली कबर यांवर त्यांचा हक्क नाही. ओटिली तर बिअर गाळणाऱ्याची मुलगी.

लुडॉल्फला वाटणीची धास्ती होती, ती उगाच नव्हे. त्याच्या आजोबांनी राज्य मुलांत वाटून दिलं, तेव्हा एकाच्या वाट्याला गिरणी आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला ती फिरवणारा ओढा. दोघे मरेपर्यंत दळण परगावी पाठवत राहिले आणि सणासुदीला एकाच मेजावर बसून एकमेकांना शिव्या देत राहिले. दोघांच्या मागे दोन्ही वाटे लुडॉल्फकडे एकत्र आले, पण त्या शिव्या ऐकत लहानाचा मोठा झालेला तो पुढे 'दुसरा मुलगा' एवढं म्हटलं तरी दचकायचा.

खरं तर उजवा हातही त्याला फुकटात मिळत होता. फक्त घराण्यात काझिमिरनंतर ज्याचा हक्क, त्या वारसाची संमती लागे, आणि तो वारस, चुलतभाऊ आन्टोन, लग्नाच्या सकाळीच पेला उंचावून म्हणाला होता, "अरे, दे की उजवा! कागद आण, आत्ता सही करतो. माझं काय जातंय? तुझा काझिमिर शिंगरासारखा ठणठणीत आहे."

"नको. जमीन एकसंध राहिली पाहिजे," लुडॉल्फ म्हणाला.

चर्चच्या दारात ओटिलीनं एकदाच विचारलं, "कुठला हात?"

"डावा."

"बरं," म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

वीसेक वर्षं गेली. तिचा मुलगा हेनिंग तळी, रानं, कुंपणं सगळं बघू लागला. शिरस्त्याप्रमाणे तो बापाला 'सरकार' म्हणायचा. काझिमिर शिकार करायचा आणि हेनिंगला मिठी मारून म्हणायचा, "तू आहेस म्हणून मला आळशी राहता येतं रे." त्याचं लग्न ठरत होतं, तेवढ्यात देवीची साथ आली आणि आठवड्यात तो गेला.

सुतकाला आन्टोन आला. डोळे पुसता पुसता त्यानं पडद्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"दादा," लुडॉल्फ त्याला म्हणाला, "ती सही. त्या वेळी देत होतास ती."

"त्या वेळी माझं काही जात नव्हतं."

"पोरगं गुणी आहे रे. सगळं राज्य तोच चालवतो."

"मग राहू दे की त्याला. मलाही कारभारी लागेलच." आन्टोननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तूच शिकवलंस ना मला? जमीन एकसंध हवी."

लुडॉल्फ तडक स्वयंपाकघरात गेला. ओटिली आलुबुखाराचा मुरंबा ढवळत होती. ती ढवळतच राहिली.

"उपाध्यायाला बोलावतो. पुन्हा उभे राहू आपण. उजवा हात."

"आन्टोनच्या सहीशिवाय?"

"सहीशिवाय."

"मग तो हात घाला चुलीत," ती म्हणाली. "अहो, पाहुणे आले की मी मेजाच्या टोकाला बसते, मीठसुद्धा पोचत नाही तिथवर. त्याचं मला काही नाही. तुमच्या तळघरातली जागाही नको, तिथं तुमचे वडील आणि काका अजून भांडत असतील. मला फक्त पोरानं इथं राहायला हवं होतं."

"राहील की. आन्टोन म्हणतोय, कारभारी—"

"विचारा पोरालाच."

हेनिंगनं तोवर डच फौजेत नाव घातलं होतं. तळ्याची दारं कधी उघडायची ते त्यानं माळ्याला समजावून सांगितलं आणि घोड्यावर खोगीर चढवलं. लुडॉल्फ अंगणात टोपीशिवायच उभा राहिला.

"थांब रे. तुझंच आहे हे सगळं."

"नाही, सरकार," हेनिंग शांतपणे म्हणाला. "आन्टोनसाहेबांचं आहे. माझ्याच हातानं लावलेली झाडं त्यांच्यासाठी तोडायची, एवढं मन मोठं नाही माझं."

"जाताना एकदा बाबा म्हण."

  हेनिंगनं खाली वाकून बापाच्या अंगरख्याचं सुटलेलं बटण लावलं.

"गारठा आहे, सरकार. आत जा."

त्या दिवशी ओटिलीनं सवयीनं तीन वाडग्यांत बिअरचं सूप वाढलं आणि एक परत पातेल्यात ओतलं. लुडॉल्फ खिडकीशी बसला होता. खाली गिरणी फिरत होती, ओढा वाहत होता, आणि दोन्ही एकाच धन्याचे राहणार होते. हाल्डेनबेर्गचं एक ढेकूळही वाटलं गेलं नाही. आन्टोनला तर सहीची शाईसुद्धा खर्चावी लागली नाही. किंमत भरली ओटिलीनं, आणि या व्यवहारात तिला कुणी धरलंच नव्हतं.