केरबाच्या हॉटेलातलं बाकडं

मोनाला बघायला जयसिंगपूरचे पाहुणे यायचे होते. तिच्या आईनं, संयोगितानं, सकाळी उठून पहिलं काम काय केलं, तर हॉलमधलं बाकडं खाली पार्किंगमध्ये नेऊन टाकायला लावलं. त्या जागी शेजारच्या सुष्मिताचा मखमली सोफा आला. उसना सोफा, पण तोरा असा, की हा फ्लॅटच त्याच्यासाठी बांधलाय!

बाकडं साधं, सागवानी. एका कडेला किटलीनं भाजल्याचा काळा डाग. मोनाचे आजोबा केरबा यांच्या स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलातलं. दिवसभर त्यावर गिऱ्हाईक बसायचं आणि रात्री मोनाचे बाबा, सयाजी, झोपायचे, कारण घरात तेवढी जागाच नव्हती. पुढं ते शिरोलीच्या कारखान्यात फोरमन झाले. आजोबा गेल्यावर वाटणीत काकांनी दुकानगाळा घेतला, बाबांनी बाकडं मागून घेतलं.

“पावणं ईचारतील, ह्ये कुठलं? काय सांगू, सासरा कपबश्या ईसळत हुता म्हणून?” आई म्हणाली. “उद्या भंगारवाल्याला देऊन मोकळी हुते बघ.”

“बाबा, कायतरी बोला की!”

बाबांनी पेपरात डोकं खुपसलं. मोनाच्या डोक्यात तिडीक गेली.

दुपारी मुलगा ऋतुराज आणि त्याचे मामा अमरसिंह आले. मामांनी सोफ्यावरून हात फिरवला. “खानदानी काम दिसतंय!”

“आमच्या सासऱ्यांच्या वेळचा हाय,” आईनं ठोकून दिलं.

बाबांची मान खाली गेली. ती खाली गेलेली मान मोनाला बघवेना. तिनं पोह्यांचा ट्रे टेबलावर ठेवला. “बाबा, चला. एक टोक धरा.”

बाबा उठले. बापलेकींनी दोन जिने चढून बाकडं वर आणलं आणि पाहुण्यांच्या समोर मांडलं.

“आजोबांचं ह्ये हाय. सोफा शेजारच्या काकूंचा. आजोबांचं चहाचं हॉटेल हुतं.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ऋतुराज मोबाईलमध्ये बघत राहिला. मामांनी मात्र मोठ्या मनाचा आव आणला. “असूंदे. पोरगी पसंत हाय आमाला. तेवढं ह्ये लाकूड फोडून चुलीत घाला. चहावाल्याची नात म्हणून आमच्यात कुणाला कळाय नगं.”

“मला तुमचं घर पसंत न्हाय,” मोना म्हणाली.

“सयाजीराव, पोरीला आवरा!”

बाबा बाकड्यावर बसले, चांगले ऐसपैस. “खरं बोलली की ती. माझा बा चहा इकत हुता. ह्येच्यावर झोपून मी मोठा झालोय. पोरीच्या लग्नात मांडवात पयलं ह्येच यील. ज्येला लाज वाटंल, त्यो जावई आमाला नगं.”

सगळे आईकडं बघायला लागले. तिनं पदर खोचला आणि पाहुण्यांच्या पुढ्यातल्या पोह्यांच्या भरल्या बश्या परत उचलायला लागली.