ही सुई कशासाठी?

मी एक जुना प्रोब आहे. नाव ऐकून गोंधळू नका, मित्रांनो. सोनोग्राफी करताना डॉक्टर आईच्या पोटावर थंडगार जेल लावतात आणि त्यावरून मुठीत मावेल असा एक गुळगुळीत तुकडा फिरवतात, तोच मी. मागे लांबलचक वायरची शेपटी, पुढे चपटं, किंचित फुगीर नाक. दिसायला मी इस्त्रीचा धाकटा भाऊ शोभेन, पण माझं काम इस्त्रीला सात जन्मांत जमणार नाही. मी पोटात आवाज सोडतो. तो तुम्हाला ऐकू येत नाही. आत इकडेतिकडे आपटून तो परत आला की मी तो टिपतो, आणि त्याचं पडद्यावर चित्र होतं.

तुमच्यापैकी कितीतरी जणांना मी तुमच्या आईच्याही आधी पाहिलं असेल. तेव्हा तुम्ही अंगठा चोखत होतात. आता मोठे झालात म्हणून नाकारू नका.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे धूळ नव्हती आणि गप्पाही नव्हत्या. डोक्यावर टोपी आणि हातांत मोजे घातलेल्या एका बाईने माझ्या नाकात केसासारख्या बारीक स्फटिकाच्या पट्ट्या ओळीने बसवल्या. एखादी तिरकी बसली की ती काढून पुन्हा बसवायची. मग माझी परीक्षा झाली. रबरासारख्या एका ठोकळ्यात बारीक तारा पुरून ठेवल्या होत्या, बाहेरून त्यांचा मागमूस नाही. मी त्या सगळ्या शोधून काढल्या. बाई शेजारणीला म्हणाली, "हा कानाचा तिखट निघाला गं." त्या दिवशी मी जो शेफारलो तो आजतागायत तसाच आहे.

दवाखान्यात माझी उमेदीची वर्षं फार थाटात गेली. दिवस उजाडला की बाहेरच्या बाकावर पोटं धरून बायका बसलेल्या असायच्या. डॉक्टरबाई जेलची बाटली कोमट पाण्याच्या मगात बुडवून ठेवत, म्हणजे कुणाला थंडीने दचकायला होऊ नये. तांदळाच्या दाण्याएवढा जीव आणि त्यात लुकलुकणारा ठोका मी दाखवला की भलेभले हवालदार आणि पैलवान डोळ्यांत कचरा गेल्याचं सोंग करायचे.

मग नवं यंत्र आलं. ते बाळाचा चेहरा सोनेरी रंगात दाखवतं, हसू आणि खळीसकट. बघणारे मोबाइल काढून फोटो घेतात. मला आतल्या खोलीत हलवलं. माणसांचं आणि यंत्रांचं एकच रडगाणं: नवं दारात आलं की जुन्याची रवानगी आत. माझा पांढरा रंग पिवळा पडला. शेपटीला एका ठिकाणी चिकटपट्टी आली. एकदा तर नव्या सिस्टरने मला न पुसताच टांगून ठेवलं, आणि सर्दी झालेल्या पोरासारखं माझं नाक रात्रभर चिकट राहिलं.

पण एक काम मात्र माझ्याकडेच राहिलं. सुईचं. "नव्यावर चित्र झकास दिसतं," डॉक्टरबाई म्हणतात, "पण याच्यावर माझा हात बसलाय." दर महिन्याला त्याच तारांच्या ठोकळ्यावर माझी परीक्षा होते आणि मी अजून पहिल्या वर्गात पास होतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सुईचं काम म्हणजे काय, ते ऐका. बाळ आईच्या पोटात पाण्याच्या पिशवीत तरंगत असतं. बाळाच्या अंगावरून सुटलेल्या बारीक पेशी त्या पाण्यात असतात. लांब, बारीक सुईने त्यातलं तीन-चार चमचे पाणी काढलं आणि त्या पेशी तपासल्या, की बाळाच्या मूळ घडणीतच काही वेगळं आहे का ते कळतं. हात, पाय, पाठीचा कणा हे सगळं मी दाखवीन. पण पेशीच्या आत काय लिहिलंय ते माझ्या आवाक्याबाहेरचं. म्हणून सुई. मात्र सुई फुकट काही देत नाही. क्वचित एखादीच्या पिशवीला ती सोसत नाही आणि असलेलं बाळ हातचं जातं. आई जरा मोठ्या वयाची असली की हा प्रश्न हमखास दाराशी येतो: करावी की करू नये?

आमच्या आतल्या खोलीत दोन नियम आहेत. मुलगा की मुलगी, हे कुणी विचारायचं नाही. विचारलं तर डॉक्टरबाई दार दाखवतात. आणि दुसरा असा: सुई हातात घेतल्यावर डॉक्टरबाई टेबलावरच्या बाईला विचारतात, "ही सुई कशासाठी?" उत्तर तिनेच द्यायचं, तिच्या शब्दांत. बहुतेक जणी आठवड्यापूर्वी डॉक्टरबाईंकडून ऐकलेलं धडाधडा म्हणून दाखवतात आणि काम पुढे सरकतं.

एका बाईच्या वेळी मात्र ते अडलं.

ती बस चालवायची, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वय एक्केचाळीस, पहिलंच बाळ. नवरा शिंपी, कानावर खडू ठेवून तसाच दवाखान्यात यायचा. सोबत नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे हिची नणंद. हातात पिशवी आणि जिभेवर धार. आधीच्या खेपेला रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, की बाळाच्या पेशींत एखादं गुणसूत्र जास्त असण्याची शक्यता चाळिसात एक आहे. शिंपी पांढराफटक पडला. बसवाली मात्र म्हणाली, "चाळीस म्हणजे माझी एक बस. बस भरून बायका, आणि त्यातली एक." मग तिने विचारलं, "आणि सुईने बाळ जाण्याची?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "साधारण तीनशेत एक." तिने बोटांवर हिशेब केला. "सात-आठ बस. बरं. घरी बोलून सांगते."

घरी काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण ठरल्या दिवशी तिघं आली. बाई टेबलावर पडली. मी पोटावर फिरलो. बाळ मजेत होतं, एक पाय वर करून. डॉक्टरबाईंनी पाण्याची मोकळी जागा हेरली, कातडी पुसून घेतली, सुई उचलली आणि नेहमीचा प्रश्न टाकला.

"खात्रीसाठी, डॉक्टर," शिंपी पटकन म्हणाला.

"मी यांना विचारलं."

बसवाली छताकडे बघत खरं तेच बोलली. "यांना आठवडाभर झोप नाही. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावल्या यांनी. म्हणून."

डॉक्टरबाईंनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. "मग झोपेची गोळी यांना द्यायला हवी. सुई तुम्हाला कशाला?"

सिस्टर तोंड फिरवून हसली. शिंप्याला हसू आलं नाही. डॉक्टरबाईंनी मला खुंटीवर टांगलं, पडद्यावरचं चित्र तसंच थांबवून ठेवलं आणि म्हणाल्या, "आज झालीच पाहिजे असं नाही. नाहीच झाली तरी तुमचं चेकअप आम्ही तितक्याच मनापासून करू. बोला तुम्ही. आम्ही दोघी बाहेर आहोत."

दार लागलं. पडद्यावर पाय वर केलेलं बाळ, आणि खाली ही तिघं.

नणंदेने तोंड उघडलं. "मी पहिल्या दिवसापासून कंठशोष करतेय. इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलणार, आणि तुम्ही त्यात सुई खुपसायला निघालात! देईल देव ते घ्यावं पदरात."

"ताई, पदर तुझा नाही," शिंपी म्हणाला. "आम्ही पन्नाशी ओलांडू तेव्हा हे शाळेत असेल. काही कमी-जास्त असलं तर आमच्यामागे त्याला कोण बघणार?"

"मी आहे की!"

"तू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहेस."

नणंदेने पदर खोचला. "पण माझी तब्येत तुझ्यापेक्षा बरी आहे," ती म्हणाली. आता मात्र तिघंही हसली आणि खोलीतली हवा जरा सैल झाली.

"वन्सं, तुम्ही सांगता म्हणून नको म्हणायचं," बसवाली उठून बसत म्हणाली, "आणि हे झोपत नाहीत म्हणून हो म्हणायचं. तुमच्या दोघांच्या मध्ये माझं स्टिअरिंग कुणाच्या हातात आहे, तेच मला कळेना."

"बरं, तुझं तू सांग," नणंद म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "काही निघालंच, तर काय करणार आहेस?"

मित्रांनो, हाच तो प्रश्न. या खोलीत लोक त्याला वळसा घालून जातात.

बसवाली पडद्याकडे बघत बोलली, सावकाश. "ते मला आज ठाऊक नाही. कदाचित सगळं माहीत असून ठेवीन. कदाचित नाही झेपणार. ते आम्ही दोघं तेव्हा बघू, आणि कुणी बोट दाखवायचं नाही. पण रोज सकाळी डेपोत मी गाडीभोवती एक फेरी मारते, टायरला लाथ घालून बघते. काही बिघडलंय असं वाटतं म्हणून नाही. जिच्या हातात चाक, तिला ठाऊक हवं म्हणून. घाटाला मी भीत नाही, वन्सं. धुक्याला भिते. पुढचे चार-पाच महिने धुक्यात गाडी हाकणं मला जमणार नाही."

"आणि त्या सात-आठ बसमधली ती एक तूच निघालीस तर?" शिंप्याने विचारलं. सुई त्यालाच हवी होती, पण आता घाम त्यालाच फुटला होता.

"तर रडेन. खूप रडेन. पण ते माझं रडणं असेल. 'यांच्यामुळे झालं' असं म्हणत आयुष्यभर तुमच्या ताटात माती कालवणार नाही." मग ती हळूच म्हणाली, "तुम्हाला चालेल?"

शिंप्याने कानावरचा खडू काढला, उगाच बोटांत फिरवला आणि मान हलवली. "मला वाटत होतं मी तुझ्यासाठी घाबरतोय. मी माझ्यासाठीच घाबरत होतो."

"ते घरी सगळ्यांना माहीत होतं," नणंद म्हणाली. मग पिशवी खाली ठेवून तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "मला अजून पटलेलं नाही, सांगून ठेवते. पण हात दे इकडे. एकटीने काय पडून राहायचं."

डॉक्टरबाई आत आल्या. हात धुतले, मोजे चढवले, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी उत्तर एका दमात आलं: "मला माझा रस्ता ठाऊक हवा, म्हणून."

मग माझं काम सुरू झालं, आणि इथे मी विनय बाजूला ठेवतो. सुईचं टोक माझ्या चित्रात एक पांढरा ठिपका होऊन उतरतं. तो ठिपका क्षणभरही हरवता कामा नये. मध्येच बाळाने वर केलेला पाय नेमका त्या बाजूला लांब केला. डॉक्टरबाई थांबल्या. सुई होती तिथेच धरली. बाळाने आपलं आटोपून पाय परत घेतला, ठिपका मोकळ्या पाण्यात सरकला आणि नळीत फिकट पिवळं पाणी चढू लागलं. मी कुठेही चुकलो नाही. डॉक्टरबाईही नाहीत. सुई निघाल्यावर त्यांनी मला पुन्हा पोटावर टेकवलं, आणि मी ठोका दाखवला. टकटकटक, काही घडलंच नाही अशा तोऱ्यात.

"झालं?" बसवाली म्हणाली. "वन्सं, माझी बोटं सोडा. सुईपेक्षा तीच जास्त दुखली."

दोन आठवड्यांनी तिघं परत आली. डॉक्टरबाई निकाल सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बसवालीने हात वर केला, बस थांबवतात तसा. "आधी ठोका दाखवा. निकाल काहीही असो, आधी मला याला भेटू दे." मी भेट घालून दिली. पोर वाढलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "आता सांगा."

गुणसूत्रं नेहमीसारखीच होती. बस भरून बायका, त्यांतल्या बाकीच्यांमध्ये ती होती. शिंपी रुमाल न सापडल्याने बहिणीच्या पदराला डोळे पुसू लागला.

पदर ओढून घेत नणंद म्हणालीच, "बघ! उगाच टोचून घेतलंस. काही निघालं का?"

"वन्सं, काही निघालं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बरं झालं टोचून घेतलं. म्हणजे दोन्हीकडून शहाण्या तुम्हीच. मी ठरवलं तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरी मी बरोबर होते."

नणंदेने पिशवी उघडली. "तोंडाची मात्र तू पक्की ड्रायव्हर आहेस," ती म्हणाली आणि भावजयीचा घाम पिशवीतल्या टॉवेलने टिपू लागली.

मी तेव्हापासून पुष्कळदा मनाशी घोळवतो. तिच्या शेजारच्या टेबलावरची एखादी बाई तेच आकडे ऐकून "मला सुई नको" म्हणाली असती, आणि ते तिचं स्वतःचं असतं, तर तीही तेवढीच बरोबर ठरली असती. डॉक्टरबाईंनी तिलाही त्याच मायेने दारापर्यंत सोडलं असतं. निकाल दोन आठवड्यांनी आला. निर्णय त्याच्या आधीच, थांबवलेल्या चित्रासमोर, चांगला झाला होता.

तेव्हा मित्रांनो, माझं म्हाताऱ्याचं एवढं ऐका. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना काम झाल्यावर मऊ कापडाने पुसत जा, वायरीला पीळ देऊ नका. आम्ही फार काही मागत नाही. आणि उद्या तुम्ही कुणाचे नवरे व्हाल, कुणाच्या नणंदा, कुणी डॉक्टरही. तुमच्या घरातली एखादी बाई अशीच टेबलावर पडलेली असेल आणि तिच्यापुढे मोठा प्रश्न असेल. तिच्या वतीने पटकन उत्तर देऊ नका. तिला विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर खुर्ची ओढून शेजारी बसा. घाई कसली? मी इथे खुंटीवर टांगलेलाच आहे, मला कुठे जायचंय!