सरकी गिळणारी भेग

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. टाळ-मृदंग माझ्यापाशी नाहीत. पण हरिदासानं आख्यान लावावं तशी माझी कथा मी सांगणार आहे.

मी एक जुना पोलादी बिट आहे. खनिज तेलासाठी जमिनीत भोक पाडणाऱ्या लांब नळाच्या टोकाला मला लावत. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. घरचं तेल सापडावं म्हणून मला सिंदी रेल्वे नावाच्या गावाजवळच्या माळावर आणलं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. केवढा मान!

काळा दगड संपला आणि चुनखडी लागली. तिच्यात भेगाच भेगा. तेल असलं तर भेगांतच, असं आमचे साहेब आनंदराव म्हणत. मला मात्र त्या भेगांचीच धडकी भरे. मला गार ठेवायला वरून चिखलपाणी सोडत. ते दगडाचा चुरा घेऊन वर येई. एके दिवशी ते आलंच नाही. भेगेनं गिळलं! अंधारात मी कोरडाच तापू लागलो. नारायणा, इथंच गाडतोस की काय?

भेग बुजवायला मिस्त्री पुनाजीनं कापसाच्या जिनातली सरकीची टरफलं पोत्यांनी ओतली. तीही गेली. मला वर ओढलं, तर माझ्या दातांना तेलाचा वास! आनंदराव नाचायचेच बाकी होते.

तेवढ्यात गावातली देवकाबाई बादली घेऊन आली.

“काऊन जी पुनाजीभाऊ, आमच्या विहिरीत सरकी पेरली का? म्हशीले आता दुसरा काई चारा लागत नाई!”

लोक हसले. ती हसली नाही. बादलीत टरफलं तरंगत होती.

पुनाजीचा चेहरा उतरला. “साहेब, भेग विहिरीले मिळाली.”

“बाई, तेल लागलंय,” आनंदराव म्हणाले. “थोडंच खाली जायचंय. गावाचं भाग्य उजळेल.”

“उजळन जी. पन लेकरं काय पितीन, रॉकेल?” तिनं बादली त्यांच्यापुढे ठेवली. “घ्या, पयले तुमी प्या.”

मित्रांनो, मला स्वतःहून थांबता येत नाही; मला फिरवणारे हात वर असतात. पुन्हा खाली सोडलं, तर भेगेतून तेल विहिरीत शिरणार, आणि वाट फोडणारा मीच!

आनंदरावांनी ओंजळ भरली, ओठांपर्यंत नेली. प्यायले नाहीत. ओंजळ बादलीत रिती केली.

“पुनाजी, सिमेंट कालव,” ते हळूच म्हणाले. “भोक बुजवून टाक.”

तेव्हापासून मी गंजत पडलो आहे. कुणी विचारत नाही. तुम्ही मोठे होऊन यंत्रं चालवाल, तेव्हा जमिनीखालच्या पाण्यालाही जपा. ती विहीर आजही गोड आहे म्हणतात. कधी तिथं तहान भागवलीत, तर देवकाबाईचं नाव घ्या, बाळांनो.