दसऱ्याला माझा पंखा मोडला

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. आता लगेच आकाशातल्या त्या मोठमोठ्या विमानांकडे बघू नका. माझ्यात दोनच माणसे बसतात, माझे पंख कापडाचे आहेत आणि माझा लाकडी पंखा पुढे नसून पाठीला, इंजिनाच्या मागे आहे. म्हणून मला कमी लेखाल तर खबरदार!

ठाण्यात बाळकुमला महिपतकाकांनी माझे सुटे भाग जोडले. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, पण हौस दांडगी. कल्याणच्या पलीकडे एका माळावर छोटी धावपट्टी होती. तिथून काकांना घेऊन मी पहिल्यांदा उडाले, तेव्हा आम्ही दोघेही आनंदाने वेडे झालो होतो. खाली उल्हास नदी, डोंबिवलीच्या गच्च्यांवरचे निळे पत्रे आणि शीळफाट्यावर अडकलेल्या गाड्या! त्या गाड्या बघून मला हसू यायचे.

पुढे काकांचे गुडघे दुखू लागले आणि मी धावपट्टीजवळच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेले. उंदरांनी माझी गादी कुरतडली. फार वाईट दिवस होते ते. मग डोंबिवलीची विनिता आली. ती वैमानिक होती. तिने माझे कापड बदलले, इंजिन उघडून साफ केले आणि मला पुन्हा वर नेले. तिच्यावर माझा भारी जीव आहे.

यंदाच्या दसऱ्याला काकांनी माझी पूजा केली. इंजिनाला हळदकुंकू लावले, नाकावर झेंडूचा हार घातला आणि तो पडू नये म्हणून बारीक तारेने आवळला. मी तर नुसते फुगले होते.

"काका, उडायच्या आधी हार काढूया," विनिता म्हणाली.

"अगं, सणाचा हार लगेच काढतात का? राहू दे आजचा दिवस. तारेने बांधलाय चांगला."

विनिता घुटमळली. सगळी मंडळी जमलेली, काका वडीलधारे, त्यात सणाचा दिवस. तिला नाही म्हणवेना. काकांना शेजारी बसवून ती निघाली.

आम्ही वर पोहोचलो आणि तार सुटली. हार वाऱ्याबरोबर थेट मागे, माझ्या पंख्यात! फाट! एका पात्याचे टोकच उडाले. पाती सारखी नसली की पंखा हिसके देतो. अख्खे इंजिन थडथडू लागले. आणखी थोडा वेळ चालते, तर ते निखळून पडले असते. विनिताने ते झटकन बंद केले.

"आता गं?" काकांनी विचारले.

"पट्टा आवळा, काका. शेतात उतरायचंय."

समोरच्या लांबलचक शेतात बायका भात कापत होत्या. इंजिन बंद, त्यामुळे मी येते आहे हे त्यांना ऐकूच जात नव्हते. विनिताने मला कलते केले आणि शेजारच्या कापणी झालेल्या खाचरावर नेले. ते आखूड होते. चाके टेकली, मी उसळत पळाले, बांध आडवा आला आणि पुढचे चाक मोडले. नाक मातीत घुसले, डावा पंख टराटरा फाटला. माझे काय व्हायचे ते होवो, ही दोघे वाचली पाहिजेत, एवढेच माझ्या मनात होते.

भात कापणाऱ्या बायकांमधल्या शेवंतीबाई विळा टाकून धावत आल्या. विनिता अजून एकेक बटण तपासत होती.

"बाय, आधी तू बाहेर ये. तुझं इमान पळून नाय जात," त्या म्हणाल्या.

दोघे बाहेर आली. थोडे खरचटले होते, एवढेच. मला इतका आनंद झाला की फाटलेल्या पंखाचे दुःख मी विसरून गेले. काका मात्र बांधावर बसून रडू लागले.

"माझ्या हट्टापायी तुझा जीव गेला असता गं."

"हट्ट तुमचा होता, काका. पण विमान मी चालवत होते. मीच नाही म्हणायला हवं होतं."

दुरुस्ती होऊन परवा मी पुन्हा धावपट्टीवर आले. काकांनी पट्टा बांधला. मला तर धीर धरवत नव्हता. विनिताने डोंगराच्या बाजूची झाडे वाकताना पाहिली.

"आज नाही, काका. वारा फार आहे."

काका लगेच पट्टा सोडून खाली उतरले. मित्रांनो, मी हिरमुसले खरे. पण त्या दिवसाइतके सुरक्षित मला कधीच वाटले नव्हते. आमची पूजा जरूर करा, मोठ्यांचा मानही ठेवा. पण चालवणारा नाही म्हणाला, तर त्याला दुसऱ्यांदा विचारू नका.