वीराची उडी

टगबोटीवरच्या त्या खलाशाला सगळे 'पाहुणा' म्हणत. परमुलखातून येऊन अकरा वर्षं झाली, तरी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. वादळात प्रवासी लाँच उलटली, तेव्हा याच पाहुण्याने कमरेला दोर बांधून समुद्रात उडी घेतली आणि एकेक करून पाच जणांना वर आणलं. सरकारने शौर्यपदक दिलं. पेपरात फोटो आला. पाठोपाठ शहरातल्या नव्या जलतरण तलावाचं आमंत्रण आलं: उद्घाटन वीराच्या उडीने!

पत्र वाचून पाहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बायको हसू दाबत म्हणाली, "जा की! तुला पोहता येत नाही, हे माझ्याशिवाय माहीत आहे कुणाला?"

"आमच्या बोटीच्या सारंगाला. माझा दोर त्यानेच तर धरला होता."

"मग त्यालाही ने. दोरासकट!"

पाहुण्याने सर्दीचं सोंग केलं, कान दुखतो म्हणून पाहिलं. पण बायकोने तोवर गल्लीभर आमंत्रणं दिली होती, वर पोहायची चड्डीही आणून ठेवली होती.

शेवटी उघड्या छातीवर पदक लटकवून तो फळीवर उभा राहिला. खाली पाणी निळंशार, गप्प. समुद्राला तो इतका घाबरला नव्हता. त्याने माईक मागितला.

"मंडळी, मला पोहता येत नाही."

अध्यक्षांना ठसका लागला. "अहो, मग तेव्हा उडी कशी मारलीत?"

"एक बाई बुडत होती. फेकलेलं टायर तिच्यापर्यंत पोचेना. अंगात जाकीट होतं, दोर सारंगाच्या हातात होता. बाकीचं आठवायला वेळच कुठे होता?"

तेवढ्यात पहिल्या रांगेत कुणीतरी खो खो हसलं. हात गळ्यात बांधलेली एक बाई उठून उभी राहिली.

"ती बाई मीच! आणि या तलावावर शिकवणारीही मीच. खांदा निखळला नसता, तर मीच यांना वर काढलं असतं. उद्या सकाळी सात वाजता या, पाहुणे. उथळ बाजूला!"

उडी मारली असती, तरी एवढ्या टाळ्या पडल्या नसत्या.

दुसऱ्या दिवसापासून बायकोही सोबत जाऊ लागली. महिन्याभरात ती तलाव आडवा पार करू लागली. पाहुणा अजून कडेचा दांडा धरून पाय मारतो, आणि बाई ओरडल्या की मुकाट्याने नाक पाण्यात घालतो.