मुक्या खुळखुळ्याने काय दाखवलं

मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे, मित्रांनो. लाकूड कातून मला घडवलं, लाल रंग दिला आणि पोटात खडे भरले. अणदूरच्या जत्रेत धुरपदाबाईंनी मला त्यांच्या तान्ह्या शंभुलिंगसाठी घेतलं. त्याने मला चावलं, आपटलं, तरी माझा आवाज खणखणीत राहिला. त्या आवाजाची मला भारी घमेंड होती.

शंभुलिंग मोठा झाला आणि मी फळीवर धूळ खात पडलो. मग त्याला मुलगी झाली, चैताली. मला पुसून तिच्या पाळण्यावर बांधलं. तिची आई गौरी म्हणायची, "पोर माझ्या तोंडाकडे बघतच नाही." धुरपदाबाई लगेच मला हलवायच्या आणि चैताली मान वळवायची. "बघ, वळली की न्हाय? दिसतंय की गं तिला." मीही फुशारून आणखी वाजायचो.

एके दिवशी दोरी तुटली. मी फरशीवर आदळलो, पोटाला चीर गेली आणि खडे घरभर झाले. मुक्या खुळखुळ्याला आता कोण विचारणार, म्हणून मी अगदी खट्टू झालो. पण गौरीने मला उचललं आणि सवयीने चैतालीसमोर हलवलं. पोर आढ्याकडेच बघत राहिली. गौरीने मला तिच्या नाकाजवळ नेलं, इकडे नेलं, तिकडे नेलं. काहीच नाही. घाबरून तिने लेकीला दारातल्या उजेडात धरलं, तर डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांत पांढुरकं दिसलं.

गरोदर असताना ग्रहणात गौरीने विळीवर भाजी चिरली, त्याचंच हे फळ, असं धुरपदाबाई म्हणाल्या. गौरी खूप रडली. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सोलापूर गाठलं. दुपट्यात गुंडाळलेला मीही होतोच.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी जन्मजात मोतीबिंदू सांगितला आणि विचारलं, गरोदरपणी अंगावर पुरळ आली होती का? आली होती. तिसऱ्या महिन्यात ताप आला, पुरळ उठली, आणि घरच्यांनी उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला. दवाखान्यात कुणी नेलंच नाही. तपासणीत रुबेला निघाला. हा आजार आईला फारसा छळत नाही, पण पोटातल्या बाळाचे डोळे बिघडवू शकतो. काही बाळांना मोतीबिंदू घराण्यातून येतो, काहींना दुसऱ्या आजारातून, कधी कारणच सापडत नाही. ग्रहणाचा मात्र त्याच्याशी काडीचा संबंध नाही, असं त्या म्हणाल्या. शस्त्रक्रिया लवकर हवी, नाहीतर डोळे बघायला शिकत नाहीत.

बाहेर बाकावर धुरपदाबाईंनी सुनेचा हात धरला. "उगंच बोल लावला म्या तुला. तुझं कायबी चुकलं न्हाय."

शस्त्रक्रिया झाली, आणि आता चैतालीला जाड भिंगांचा इवलासा चष्मा आहे. ती तो ओढून काढते, आजी परत घालते. शंभुलिंग माझ्यात खडे भरायला निघाला होता, पण गौरीने अडवलं.

मित्रांनो, घरी सांगा, रुबेलाची लस वेळेवर टोचून घ्या आणि गरोदर बाईच्या अंगावर पुरळ आली तर पाल्यावर भागवू नका. बाळ आवाजाला वळतं म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला कधीतरी न वाजवताही काही दाखवा.

काल गौरीने मला चैतालीसमोर गुपचूप धरलं. मी जरासुद्धा वाजलो नाही. तिची नजर माझ्या लाल रंगावर येऊन थांबली, आणि तिने हात पुढे केला.